दिवा लाल झाला की परत फिरायचं

भुसावळला माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे. इन्व्हर्टर, ट्रॅक्टर, अलीकडे ई-रिक्षा, येईल ते काम. आजोळ मात्र हतनूर धरणाच्या फुगवट्यावर, चांगदेवच्या बाजूला, जिथे पूर्णा येऊन तापीला मिळते. आम्ही भोई. माझ्या वडिलांनी जाळं सोडून रेल्वेत खलाशाची नोकरी धरली. मामाने जाळं काही सोडलं नाही. धरणाचं पाणी चढलं तशी त्याची वाट बदलली, धंदा तोच राहिला.

तीन वर्षांपूर्वी मामाचा उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, वल्हं मारणं बंद. मामा म्हणाला, "मंग खाऊ काय, तुमची गोळी?" मामीने मला फोन केला आणि म्हणाली, तू एवढ्या रिक्षा चालवतोस विजेवर, एक नाव नाही चालवता येत?

मला तेवढंच पाहिजे होतं. नावेच्या मागच्या फळीला अडकवायची, दांडीच्या टोकाला पंखा असलेली विजेची मोटर मिळते. १२ व्होल्टची, पूर्ण वेगावर साधारण ४० अँपिअर ओढणारी. ती मागवली आणि दुकानातली ई-रिक्षाची शिशाची बॅटरी लावून दिली. दुकानातलीच असल्यामुळे फुकटात पडली असं वाटलं.

त्या बॅटरीने वर्षभरात आमचं काय केलं ते सांगतो. वजन तीस किलोच्या आसपास. पावसाळ्यात पाणी घराच्या जवळ असतं, पण फाल्गुनापासून ते मागे सरकायला लागतं. चैत्रात मामाच्या दारापासून काठापर्यंत चांगली तीनशे पावलं, त्यातली शेवटची शंभर गाळातून. समुद्रावरच्या लोकांना खाऱ्या पाण्याचं दुखणं असतं, आमच्याकडे गाळाचं. त्या गाळातून मामी डोक्यावर घमेल्यात बॅटरी घेऊन जायची. खांदा वाचवायला मोटर आणली आणि मामीची मान कामाला लागली.

दुसरं म्हणजे, शंभर अँपिअर-अवरच्या (किती अँपिअर किती तास मिळतील त्याचं हे माप) शिशाच्या बॅटरीतले कामाचे पन्नासच. त्याखाली रोज उतरवली तर ती वर्षा-दीड वर्षात बसते. हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगतो आणि मामाला सांगायचं विसरलो.

तिसरं जाळ्याचं. वाऱ्यात नाव कलली, बॅटरीच्या बुचातून थोडं ॲसिड गळलं आणि खाली घडी करून ठेवलेल्या जाळ्यावर पडलं. कोणाला कळलं नाही, कारण ते पाण्यासारखंच दिसतं. दुसऱ्या दिवशी मामाने जाळं पसरायला घेतलं तर मधला हातभर पट्टा शिजलेल्या शेवयांसारखा बोटांत तुटून आला. नायलॉनला ॲसिड चालत नाही. सुती लुगड्याला भोकं पडतात हे मामीला ठाऊक होतं, जाळं जातं हे आम्हा तिघांनाही त्या दिवशी कळलं. त्यात कटल्यासाठी घेतलेलं मोठ्या डोळ्याचं नवं जाळं. मामा माझ्याशी दोन दिवस बोलला नाही.

म्हणून लिथियम.

लिथियम म्हटलं की लोकांना मोबाईल आठवतो आणि पेटलेली स्कूटर आठवते. पण लिथियममध्ये जाती आहेत. मोबाईल-लॅपटॉपमधली वेगळी, आणि मी नावेसाठी घेतली ती लिथियम आयर्न फॉस्फेट वेगळी. हिच्यात ऊर्जा थोडी कमी मावते, पण ही सहजासहजी भडकत नाही, तापमान बरंच वर गेल्यावरच बिघडते. लाकडाच्या नावेत, पाण्याच्या मधोमध, पळायला जागा नसताना मला हाच गुण महत्त्वाचा वाटला. हिचा शोध टेक्सासमधल्या जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतला, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला. त्यांना २०१९ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा वय ९७ होतं. मामाला हे सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "सत्त्याण्णव? मंग मी तं पोरगा आहे." तो त्रेसष्टचा. त्यानंतर खांद्याचा विषय निघाला की हे वाक्य येतंच.

पहिली चूक मी इथे केली. घाईत एका ऑनलाइन विक्रेत्याकडून तयार बॅटरी घेतली. वर छापलेलं १०० अँपिअर-अवर. माझा स्वभाव संशयी, म्हणून नावेवर न्यायच्या आधी दुकानात दोन ५५ वॅटचे हेडलाइटचे बल्ब लावून ठेवले आणि घड्याळ पाहिलं. दोघं मिळून नऊएक अँपिअर घेतात, म्हणजे अकरा तास जळायला हवे होते. पावणेसात तासांत अंधार. हिशोब केला तर बासष्टच्या पुढे जाईना. परत पाठवायला तीन आठवडे भांडलो. तुम्ही घेणार असाल तर एवढी चाचणी कराच, बल्ब आणि घड्याळ कोणाच्याही घरात असतं.

मग सेल वेगळे आणून स्वतः बांधली. ३.२ व्होल्टचे चार सेल ओळीने, १०५ अँपिअर-अवरचे, एकेक साधारण दोन किलोचा. मध्ये इन्सुलेशनचे पत्रे, बाहेरून घट्ट पट्ट्या, कारण हे सेल चार्ज होताना किंचित फुगतात. वर बीएमएस. हा एक छोटा सर्किट बोर्ड असतो. एखादा सेल जास्त भरला, जास्त रिकामा झाला, करंट वाढला, तापला, शॉर्ट झाला, की तो दार लावून घेतो. त्याच्यावर पुढे बोलायचंच आहे. प्लसच्या टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज. हा फ्यूज लोक टाळतात. दुकानात माझ्या हाताखालच्या पोराकडून बारा नंबरचा पाना दोन टोकांवर आडवा पडला होता. निळा उजेड, एक ठो, आणि पान्याचं तोंड मेणबत्तीसारखं ओघळलेलं. तो पाना मी खिळ्याला टांगून ठेवलाय. तेव्हापासून आमच्या सगळ्या पान्यांच्या दांड्यांना टेप आहे.

जुन्या लॅपटॉपचे सेल काढून, पीव्हीसी पाइपात भरून, "लिथियम बॅटरी, नावेला चालेल" म्हणून विकणारेही आहेत. स्वस्त असतात. कोणता सेल कुठून आला, किती वर्षं वापरलाय, काही पत्ता नसतो. मी दुरुस्तीलाही घेत नाही.

सगळं धरून साडेबावीस हजार लागले. शिशाची नवी साडेनऊला आली असती. पण ही पेटीसकट अकरा किलो, आणि ऐंशी टक्के वापरली तरी हजारोंनी फेऱ्या देते. मामीने एका हातात उचलून पाहिली, परत खाली ठेवली आणि विचारलं, "आत काही हाय का नाही?"

एक गंमत इथे झाली. नावेच्या मागच्या बाजूला तीस किलो होते, तिथे आता अकरा. त्यामुळे मागचं टोक उचललं गेलं, मोटरचा पंखा पाण्याच्या वर वर आला आणि हवा ओढायला लागला. नुसता फेस, नाव जागेवर. मी मोटरची दांडी खाली सरकवून पाहिली, तर ती बुडालेल्या बाभळींच्या खुंटांना लागायला लागली. मामाने काही न बोलता जाळ्याच्या नांगराचे दगड पुढून उचलून मागे ठेवले. झालं. जाताना मागे दगड, जाळं टाकलं की दगड पाण्यात, येताना त्या जागी मासे. मी दुकानात बसून वजनाचा कागद करत होतो.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. मामाला वेग कळला. पाचव्या वेगावर ४० अँपिअर, तिसऱ्यावर पंधराच्या आत, आणि नावेच्या चालण्यात फरक मात्र दीडपटीचाही नाही. पाण्याचा हिशोब असाच असतो, थोड्या जास्त वेगासाठी कितीतरी जास्त ताकद. तिसऱ्यावर गेलं तर शंभरची बॅटरी सहा तास पुरते, पाचव्यावर अडीच. पंख्याला पाणगवत गुंडाळलं की तिसऱ्यावरही आकडा चढतो, मग मोटर वर घेऊन विळ्याने कापायचं. एवढं सगळं मामा शिकला.

चार्जिंगचा प्रश्न उन्हाळ्याने आणला. कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली, लिथियम चार्ज करू नये असं जगभर बजावतात. भुसावळात ती काळजी कोणी करू नये. आमची काळजी उलटी. मे महिन्यात सावलीत पंचेचाळीस, पत्र्याखाली किती ते विचारू नका. पंचेचाळीसच्या वर मी चार्ज करू देत नाही, सेल लवकर म्हातारे होतात. मामाच्या घरात थंड जागा एकच, माजघरात रांजणाच्या शेजारी. मामी आधी तयार होईना. "पिण्याच्या पान्याजवळ ते तुझं ॲसिड नको." यात ॲसिड नाही हे पटवायला दोन कप चहा लागले. मग नियम ठरला की दुपारी नाही, दिवेलागणीनंतर रांजणाजवळ चार्जिंग, आणि रात्री एकला मामा जाळं उचलायला निघणार. दहा अँपिअरचा चार्जर, म्हणजे पाच-सहा तासांत रोजचा खर्च भरून निघायचा.

आता ती रात्र. चैत्राची अमावस्या. दोन वाजून चाळीस मिनिटांनी माझा फोन वाजला.

"भाच्या, तुही बॅटरी मेली."

मी विचारलं, कुठे आहेस. तर म्हणाला, पल्याडच्या अंगाला, वारा सुटलाय, दिवा पण गेला, काही दिसत नाही. मी म्हणालो, कमी झाली तेव्हा परत का नाही फिरलास? तो जे म्हणाला ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "कमी कुठं झाली? दिवा तं भक्क होता."

मामाच्या नावेला पुढे एक दिवा आहे, जुन्या जीपचा हॅलोजन, बांबूला बांधलेला. शिशाच्या बॅटरीवर वर्षभर तो त्या दिव्याकडे बघून चालायचा. बॅटरी उतरायला लागली की दिवा आधी पिवळा पडायचा, मग तांबूस. तांबूस झाला की मामा परत फिरायचा. मीटर नाही, हिशोब नाही. शिसं मरायच्या आधी तासभर कण्हतं, आणि मामा ते कण्हणं डोळ्यांनी ऐकायचा.

लिथियम कण्हत नाही. तिचा व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत सपाट. ऐंशी टक्के भरलेली असताना आणि तीस टक्के उरलेली असताना फरक दोन-तीन दशांश व्होल्टचा. विकताना मी हाच गुण म्हणून सांगतो, शेवटपर्यंत एकसारखी ताकद. मग अगदी तळाशी ती एकदम घसरते, बीएमएस सेल वाचवायला दार लावतो, आणि त्या क्षणी सगळं बंद. मोटर आणि दिवा एकाच बॅटरीवर, म्हणजे दोन्ही बरोबर. शिशाची थोडा वेळ सोडली तर पुन्हा जरा तरी देते, मामाने तेही करून पाहिलं, अर्धा तास थांबला. पण आमच्या बीएमएसला चार्जर दिसल्याशिवाय तो दार उघडत नाही.

मी त्याला साठ रुपयांचा व्होल्टमीटर लावून दिला होता. निघताना त्यात १३.२ होते, वाटेत १३.०. मामाला वाटलं, दोनच कमी झाले. मलाही तेच वाटलं असतं, जर मी ते दुकानात बसून रोज बघत नसतो तर. त्यात त्या संध्याकाळी गावातली लाइट साडेनऊला गेली होती. सातला लावलेलं चार्जिंग अडीच तासांत थांबलं. मामी झोपली होती, चार्जरचा दिवा हिरवा आहे की नाही हे अंधारात कोण बघणार. बॅटरी अर्धीही भरलेली नव्हती.

आणि वल्ही? दोन असतात. मोटर नीट चालते म्हणून मामाने एक घरी ठेवलं होतं, माशांच्या क्रेटला जागा व्हावी म्हणून. एका वल्ह्याने, त्या खांद्याने, वाऱ्याच्या उलट, तो पहाटे साडेपाचला काठाला लागला. मी तोपर्यंत मोटारसायकलवर जाऊन काठावर उभा होतो. लांब अंधारात त्याच्या बटणाच्या मोबाइलचा टॉर्च मधूनमधून लागायचा आणि विझायचा. तेवढंच दिसत होतं. मामी माझ्या शेजारी गाळात उभी होती आणि एक शब्द बोलत नव्हती. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

नाव लागल्यावर मामाने आधी क्रेट उतरवला. सात-आठ रोहू, थोडी चिलापी. मग बॅटरी माझ्या हातात दिली. चार्जरला लावली तर दोन मिनिटांत ठणठणीत. बिघाड काहीच नव्हता.

त्यानंतर काय काय बदललं. दोन्ही वल्ही नावेतच, बांधून. एक वेगळा सेलचा टॉर्च, डब्यात, बॅटरीशी संबंध नसलेला. लाइट गेली तर किती अँपिअर आत गेले हे कळावं म्हणून शंटचा मीटर. हा व्होल्टेज बघत नाही, आत किती गेलं आणि बाहेर किती आलं ते मोजतो, दुकानदार गल्ला मोजतो तसं. लिथियमला हाच मीटर लागतो, व्होल्टमीटर नुसता शोभेचा. आठवड्यातून एकदा पूर्ण भरून त्याचा शंभर जुळवून घ्यायचा, नाहीतर हळूहळू हिशोब सरकतो.

मध्येच एक चीड सांगून टाकतो. या बॅटऱ्या हलक्या झाल्यापासून दुकानात काही लोक येतात आणि "एक बॅटरी, एक इन्व्हर्टर, लांब वायर" मागतात. कशाला ते सांगत नाहीत. मला कळतं. पाण्यात करंट सोडून मासे मारायचे. त्यात बोटाएवढी पिल्लंही जातात आणि कधीकधी करंट मारणाराही. सुरुंग आणि विष टाकून मासे मारण्याला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, हा त्याच पंक्तीतला प्रकार. मी वायरसुद्धा देत नाही. शेजारच्या दुकानात मिळते, हेही खरं आहे.

तर, शंटचा मीटर लावला. छान निळा आकडा, टक्क्यांत. मामाने तो आठवडाभर बघितला आणि मग बघणं सोडलं. चष्मा घातल्याशिवाय आकडा दिसत नाही, आणि चष्मा पाण्यावर नेत नाही, एकदा पडलाय. मी मीटरच्या रिलेला, म्हणजे आपोआप चालू-बंद होणाऱ्या स्विचला, ई-रिक्षाचा भोंगा जोडला, चाळीस टक्के उरले की वाजेल असा. दुसऱ्या दिवशी मामाने वायर उपटून माझ्या हातात दिली. "मासे पयतात. अन् मी पन."

मग मी विचार केला, की त्याला काय बघायची सवय आहे तेच दाखवावं. नावेच्या पेटीत आणखी एक तसाच ५५ वॅटचा हॅलोजन बसवला, डब्यात झाकून, भोवती मोकळी हवा ठेवून. शंटच्या रिलेने चाळीस टक्क्यांवर तो पुढच्या दिव्याच्या ओळीत येतो. दोन सारखे बल्ब ओळीने लागले की व्होल्टेज निम्मा-निम्मा वाटला जातो, आणि दोघंही तांबूस जळतात. बॅटरीत चाळीस टक्के शिल्लक असतात, मोटर पूर्ण ताकदीने चालते, पण दिवा शिशाच्या बॅटरीसारखा लाल होतो. मोटरची वायर वेगळी, तिच्यावर परिणाम नाही. सगळा खर्च एक बल्ब, एक होल्डर आणि थोडी वायर.

दुकानात माझा हाताखालचा पोरगा हसला. एवढी भारी बॅटरी आणून तिला म्हातारी करायची?

मामाला मी काही समजावलं नाही. फक्त म्हणालो, आता पाहा.

परवा रात्री मी जागाच होतो. दोनच्या सुमारास फोन आला, मागे पाण्याचा आवाज.

"भाच्या, दिवा लाल झाला. येऊन ऱ्हायलो."